जुन्या गाडीचा जुना क्रमांक: ‘व्हीए’ नोंदणी, एचएसआरपी आणि काळी पाटी

अंबाझरी
नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडिलांनी १९६७ साली नवी घेतलेली फियाट ११०० आहे. गाडीची नोंदणी नागपूरचीच असून इंजिन आणि बॉडी मूळची आहे. क्रमांक एमएच ३१ ही मालिका सुरू होण्याआधीचा, तीन इंग्रजी अक्षरांचा आहे. वडील गेल्यानंतर गाडी माझ्या नावावर करून घ्यायची राहून गेली, आणि आता एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा क्रमांक पाटी, बसवणे सक्तीचे झाल्यामुळे सगळी कामे एकदमच समोर उभी ठाकली आहेत.

मला तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. नव्या पाटीच्या निमित्ताने हा जुना क्रमांक बदलला जाईल का? काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने पेंटरने लिहिलेली मूळ पाटी कायद्याने ठेवता येते का? आणि पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी जी ‘व्हिंटेज’ नोंदणी निघाली आहे, ती आमच्यासारख्यांनी घ्यावी का? गाडी आम्ही महिन्यातून एक-दोन रविवारी बाहेर काढतो, कधी तेलंगखेडीपर्यंत, कधी वर्धा रोडने थोडे पुढे. एवढाच तिचा वापर आहे.

सिव्हिललाइन्स_वकील
आपला पहिला प्रश्न सर्वांत सोपा आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देतो. क्रमांक बदलत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याबरोबर राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा दोन अंकी संकेतांक, मालिकेची अक्षरे आणि चार अंक अशी आजची रचना आली. मात्र त्याच कायद्याच्या कलम २१७ ने १९३९ च्या जुन्या कायद्याखाली दिलेली नोंदणी प्रमाणपत्रे चालू ठेवली. त्यामुळे तीन अक्षरांचा क्रमांक आजही पूर्णपणे वैध आहे. एचएसआरपी ही पाटी आहे, नवा क्रमांक नव्हे. आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, जो क्रमांक असेल तोच तिच्यावर उमटतो.

क्रमांक जातो तो दुसऱ्या वाटेने. गाडी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे नव्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागतो. छिंदवाडा, बालाघाट किंवा रायपूरकडून जुनी ॲम्बेसेडर आणणाऱ्या नागपूरकरांनी हे व्यवहार करण्याआधीच लक्षात घ्यावे, कारण एकदा एमएच क्रमांक लागला की मध्य प्रदेशचा जुना क्रमांक केवळ फोटोतच उरतो.

आता व्हिंटेज नोंदणीबद्दल. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये ८१-अ ते ८१-ग हे नियम नव्याने घालण्यात आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापराची, दुचाकी किंवा चारचाकी गाडी व्हिंटेज मानली जाते. परंतु ती मूळ स्वरूपात असली पाहिजे आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अर्ज ‘परिवहन’ पोर्टलवर नमुना २० मध्ये करायचा, सोबत विमा, शुल्क आणि जुने आरसी जोडायचे, आयात केलेली गाडी असेल तर बिल ऑफ एन्ट्री, म्हणजे सीमाशुल्क खात्याचा आयातीचा कागद, तोही जोडायचा. राज्याने नेमलेली समिती गाडी तपासते आणि साठ दिवसांत नमुना २३-अ मध्ये प्रमाणपत्र देणे अपेक्षित आहे. नोंदणी दहा वर्षांसाठी असते.

या नियमातली क्रमांकाची तरतूद मला विशेष महत्त्वाची वाटते. जी गाडी आधीपासून भारतात नोंदलेली आहे, तिला आपला मूळ क्रमांक कायम ठेवता येतो. ज्या गाडीची नोंदणी प्रथमच होत आहे, उदाहरणार्थ नव्याने आयात केलेली, तिला राज्याचा संकेत, मग ‘व्हीए’ ही अक्षरे, मग दोन अक्षरांची मालिका आणि ०००१ ते ९९९९ मधला क्रमांक मिळतो. म्हणजे ‘एमएच व्हीए’ अशी पाटी लावणे हे आपल्यासाठी बंधन नाही.

इंदोरा_१९७२
वकीलसाहेब, पण ‘व्हीए’ पाटी दिसली की गाडी खरोखरच व्हिंटेज आहे हे कुणालाही दुरून कळते. मूळ क्रमांक ठेवला तर सामान्य माणसाला ती फक्त एक जुनी गाडी वाटेल. मग एवढा खर्च करून मिळवले काय?

सिव्हिललाइन्स_वकील
दुरून काय दिसते याचा विचार मालकाने जरूर करावा, पण माझे मत याच्या उलट आहे. तीन अक्षरांचा क्रमांक हा त्या गाडीच्या वयाचा आणि गावाचा पुरावा आहे. तो कुठल्या काळात, कोणत्या राज्याच्या कारभारात दिला गेला हे जाणकाराला एका दृष्टिक्षेपात कळते. ‘व्हीए’ क्रमांक एवढेच सांगतो की कुणीतरी २०२१ नंतर अर्ज केला. मूळ क्रमांक हाताशी असताना तो सोडणे म्हणजे वाड्याचा कोरीव दरवाजा काढून तिथे शटर बसवण्यासारखे आहे.

सीताबर्डी_किल्ला
या संदर्भात नागपूरचे वेगळेपण थोडे सांगणे आवश्यक वाटते, विषयांतर वाटल्यास क्षमा असावी. आपले शहर एकाच जागी राहून तीन राज्यांत नांदले आहे. स्वातंत्र्यापूर्वी ते मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होते, पुढे मध्य प्रदेशची राजधानी झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. त्यामुळे नागपुरातल्या जुन्या घराण्यांच्या मोटारींच्या फोटोंत ‘सीपी’ (सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, म्हणजे मध्य प्रांत) अक्षरांनी सुरू होणारे क्रमांक दिसतात, मुंबई राज्याच्या काळातल्या गाड्यांवर ‘बी’ ने सुरू होणाऱ्या मालिका आढळतात, आणि ‘एमएच’ त्यानंतर येते. पुण्या-मुंबईच्या संग्राहकाला ‘सीपी’ क्रमांकाची गाडी पाहायला मिळणे दुर्मीळ आहे. ज्यांच्याकडे असा क्रमांक कागदोपत्री जिवंत आहे, त्यांनी तो कोणत्याही कारणाने सोडू नये.

‘कागदोपत्री जिवंत’ हे शब्द मी मुद्दाम वापरले आहेत. पत्र्यावर क्रमांक रंगवलेला असणे आणि नोंदवहीत तो आपल्या चेसिसवर असणे या अगदी भिन्न गोष्टी आहेत.

सदर_गॅरेज
सीताबर्डी भाऊंनी मुद्द्याला हात घातला. आमच्याकडे गाड्या येतात त्यांत निम्मी अडचण पाटीची नसते, नोंदीची असते. जुन्या गाडीची नोंद कार्यालयातल्या हस्तलिखित रजिस्टरमध्ये असते आणि ‘वाहन’ या संगणकीय प्रणालीत ती चढलेलीच नसते. प्रणालीत क्रमांक सापडला नाही तर एचएसआरपीची ऑनलाइन मागणीच पुढे सरकत नाही, व्हिंटेजचा अर्ज तर दूरच राहिला. म्हणून सर्वांत आधी मूळ आरसी बुक घेऊन बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे रजिस्टरमधली जुनी नोंद प्रणालीत चढवणे, हे काम करून घ्यावे. त्या वेळी चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक गाडीवर जसे ठोकलेले आहेत तसेच, अक्षर न् अक्षर, चढले आहेत का हे स्वतः पाहावे. जुन्या आरसीत शाई पुसट झालेली असते आणि इंग्रजी ‘ओ’ चे शून्य किंवा ‘आय’ चे एक सहज होऊन जाते. पुढे तपासणीच्या वेळी हीच तफावत महिनोन् महिने छळते. चेसिस क्रमांकाची पेन्सिलने छाप काढून कागदपत्रांसोबत ठेवली तर बोलायला आधार राहतो.

अंबाझरी साहेब, आपल्या बाबतीत क्रम असा राहील की आधी बॅकलॉग, मग वारसाने गाडी नावावर करण्यासाठी नमुना ३१, मग आरसीची मुदत संपली असेल तर नूतनीकरणाचा नमुना २५ आणि गाडीची तपासणी. पाटी शेवटी येते. वडिलांच्या नावावर असतानाच पाटी मागवून टाकू, असा सल्ला पुष्कळ जण देतील. तो मानू नये.

अंबाझरी
मनःपूर्वक आभार. आरसी बुक जपून ठेवलेले आहे, मात्र त्याची मुदत संपून बराच काळ झाला आहे. काळ्या पाटीबद्दल मात्र अजून कुणी बोलले नाही.

सिव्हिललाइन्स_वकील
ते अप्रिय असल्यामुळे मागे ठेवले होते. खासगी गाडीला काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हा आपल्याकडचा जुना नियम होता. या शतकाच्या सुरुवातीला तो बदलून खासगी गाडीसाठी पांढऱ्यावर काळी आणि व्यावसायिक गाडीसाठी पिवळ्यावर काळी अक्षरे असा झाला. आज काळी पाटी आणि पिवळी अक्षरे ही ओळख स्वतः चालवण्यासाठी भाड्याने दिल्या जाणाऱ्या गाड्यांची आहे. त्यामुळे रस्त्यावर काळी पाटी लावलेली खासगी फियाट नियमाला धरून नाही, मग ती पाटी कितीही अस्सल असो. अक्षरांचे मापही नियम ५१ मध्ये ठरलेले आहे: चारचाकीसाठी पुढे आणि मागे अक्षराची उंची ६५ मिलिमीटर, जाडी १० आणि दोन अक्षरांमधले अंतर १० मिलिमीटर. जुन्या पेंटरांची वळणदार अक्षरे या मापात क्वचितच बसतात.

राज्यात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सर्व वाहनांना एचएसआरपी लावण्याचा आदेश आहे. त्याची मुदत अनेकदा वाढवली गेली, पण मुदत वाढली म्हणून बंधन गेले असे होत नाही. १९६७ ची गाडी २०१९ पूर्वीची आहे, यात वादाला जागा नाही.

परदेशी_वऱ्हाडी
मी नागपूरचा, सध्या जर्मनीत असतो. इथे तीस वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाडीला क्रमांकाच्या शेवटी ‘एच’ हे अक्षर मिळते. त्यासाठी तज्ज्ञाचा तपासणी अहवाल लागतो, कर एकरकमी ठरलेला असतो आणि महत्त्वाचे म्हणजे गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येते. ब्रिटनमध्ये तर १ जानेवारी १९८० पूर्वी बनलेल्या गाडीला, तिची ऐतिहासिक वाहन म्हणून नोंद असल्यास, काळ्या पत्र्यावर रुपेरी किंवा पांढरी अक्षरे असलेली जुन्या धाटणीची पाटी आजही कायदेशीरपणे लावता येते. जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, ज्याला ‘फिवा’ म्हणतात, तोही ऐतिहासिक वाहनासाठी किमान तीस वर्षांचीच अट धरतो. आपल्याकडची पन्नास वर्षांची अट फार कडक आहे, आणि काळ्या पाटीला सवलत न देण्यामागचे कारण मला तरी पटत नाही.

सिव्हिललाइन्स_वकील
कारण एवढेच की आपल्याकडे पाटी ही सुरक्षा यंत्रणेचा भाग मानली गेली आहे. ॲल्युमिनियमची पाटी, अशोकचक्राचा क्रोमियम होलोग्राम, लेझरने कोरलेला कायमस्वरूपी क्रमांक, एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक, आणि चारचाकीच्या समोरच्या काचेवर तिसरी पाटी म्हणून स्टिकर, ही सगळी रचना बनावट क्रमांकांना आळा घालण्यासाठी आहे. चोरीच्या गाडीवर जुन्या, विस्मृतीत गेलेल्या गाडीचा क्रमांक टाकणे हा प्रकार काल्पनिक नाही. तरीही पन्नास वर्षांवरील, समितीने तपासलेल्या मोजक्या गाड्यांना रंगापुरती सवलत देऊन, होलोग्राम आणि लेझर क्रमांक कायम ठेवून, काळ्या रंगाची एचएसआरपी सहज काढता आली असती, हे मलाही मान्य आहे. तशी सुधारणा होईपर्यंत मात्र नियम आहे तोच पाळावा लागेल.

कामठी_छावणी
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्याकडे लष्कराच्या लिलावातून आमच्या काकांनी घेतलेली विलीज जीप आहे. गाडी १९४४ ची असल्याचे चेसिसवरून कळते, पण मुलकी नोंदणी १९७८ ची आहे. शिवाय पूर्वी पेट्रोल परवडेना म्हणून तिला डिझेलचे मॅटाडोर इंजिन बसवले होते आणि त्याची आरसीवर रीतसर नोंदही आहे. तिला व्हिंटेज म्हणून मान्यता मिळेल का?

सदर_गॅरेज
कामठी भाऊ, दोन्हीकडून अडचण आहे. नियम पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे मोजतो, गाडी बनल्यापासून नव्हे. म्हणजे आपली जीप प्रत्यक्षात ऐंशी वर्षांची असली तरी कागदावर २०२८ साली पन्नाशीची होईल. दुसरे म्हणजे इंजिन बदललेले आहे, आणि ‘मोठा फेरफार’ या शब्दांत इंजिन स्पष्टपणे येते. आरसीवर नोंद असल्यामुळे गाडी बेकायदा ठरत नाही, नेहमीच्या नोंदणीवर ती खुशाल चालवा. पण व्हिंटेज म्हणून ती बसणार नाही. विदर्भातल्या बहुतेक जुन्या जीप आणि पुष्कळ ॲम्बेसेडर याच एका कारणाने बाहेर राहतील. मूळ इंजिन घराच्या कोपऱ्यात पडून असेल तर भंगारात देऊ नका. २०२८ पर्यंत ते परत बसवून, आरसीवर तशी नोंद करून घ्यायला वेळ आहे.

कामठी_छावणी
इंजिन आहे. काकांनी फेकले नव्हते, त्यावर पाण्याची टाकी ठेवलेली आहे.

महाल_बजाज
आमच्यासारख्या दुचाकीवाल्यांनाही एक शब्द. माझ्या जुन्या स्कूटरची पाटी देवनागरी अंकांत आहे आणि ती मला फार आवडते. पण नियम ५० प्रमाणे अक्षरे इंग्रजीत आणि अंक आंतरराष्ट्रीय पद्धतीचेच असले पाहिजेत, त्यामुळे देवनागरी पाटी कोणत्याही वयाच्या गाडीला चालत नाही. एचएसआरपीमुळे हा वाद आपोआप संपला, कारण पाटी छापूनच येते. स्कूटरला २०० × १०० मिलिमीटरची पाटी मिळते आणि ती जुन्या मडगार्डवर नीट बसते.

इंदोरा_१९७२
चारचाकीला ती नीट बसत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. गाडीसाठी ५०० × १२० आणि ३४० × २०० अशी दोन मापे आहेत. जुन्या गाड्यांच्या मागच्या बाजूला दुसरे, चौकोनी माप शोभते आणि दिव्याखाली येते. पुढे बंपरवर लांबट पाटी बरी दिसते. मागणी नोंदवताना माप नीट पाहून घ्यावे. बसवणारा मुलगा थेट क्रोमच्या बंपरला भोक पाडायला निघाला होता. मी आधीच पोलादी पट्टीचा ब्रॅकेट करून नेला होता म्हणून बंपर वाचला. फियाटचा मूळ बंपर आज कॉटन मार्केटपासून कामठी रोडपर्यंत शोधूनही सहज मिळत नाही.

खर्चाबद्दलही कुणी स्पष्ट सांगितले तर बरे होईल.

सिव्हिललाइन्स_वकील
व्हिंटेज नोंदणीचे शुल्क प्रथम २०,००० रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये आहे. नेहमीच्या मार्गाने जायचे तर खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. वीस वर्षांवरील हलक्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाले, आयात केलेल्या मोटारीसाठी तर ८०,००० रुपये. म्हणजे देशी गाडीला पहिल्या दहा वर्षांत दोन्ही मार्गांचे शुल्क सारखेच पडते आणि त्यानंतर व्हिंटेज नोंदणी स्वस्त होत जाते. नेहमीच्या मार्गात पर्यावरण कर वेगळा. आयात गाडीच्या मालकाने यावर फार विचार करण्याचे कारणच नाही.

पण शुल्कावरून निर्णय घेऊ नये. व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, तिथे जाणे-येणे, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येते. नियमित वापर किंवा व्यावसायिक वापर चालत नाही. लग्नाच्या वरातीसाठी भाड्याने देणे तर उघडच निषिद्ध आहे, आणि नागपुरात जुन्या गाड्यांचा तोच सर्वांत मोठा धंदा आहे. अंबाझरी साहेब, आपण रविवारी तेलंगखेडीला जाता ते यांपैकी कशात बसवणार?

इंदोरा_१९७२
देखभालीत. बॅटरी उतरू नये म्हणून गाडी फिरवावीच लागते.

सिव्हिललाइन्स_वकील
हा युक्तिवाद चौकात शिपायासमोर चालेल, अपघातानंतर विमा कंपनीसमोर चालेलच असे नाही. परवानगीबाहेरच्या वापरात अपघात झाला तर दावा अडकवायला त्यांना आयते कारण मिळते. विम्याची आणखी एक गोष्ट अशी की जुन्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे मोटार विम्याच्या दरांच्या नियमावलीत, व्हिंटेज म्हणजे ३१ डिसेंबर १९४० पूर्वी बनलेली आणि मान्यताप्राप्त क्लबने प्रमाणित केलेली गाडी. परिवहन नियमांतली पन्नास वर्षे आणि विम्यातली ही तारीख यांचा परस्परांशी संबंध नाही. पॉलिसी घेताना गाडीची किंमत दोघांच्या संमतीने ठरवून लेखी घ्यावी. नाहीतर घसारा लावून आपल्या फियाटची किंमत तिच्या स्टेपनीएवढी ठरेल.

परदेशी_वऱ्हाडी
मग १९७५ नंतरच्या गाड्यांचे काय? काँटेसा, प्रीमियर ११८ एनई, पहिली मारुती ८००, या गाड्या तर आता कुठे चाळिशीत आल्या आहेत.

सिव्हिललाइन्स_वकील
त्यांच्यासाठी आपल्या कायद्यात वेगळा वर्गच नाही. लोक त्यांना क्लासिक म्हणतात, कार्यालयाच्या लेखी त्या मुदत उलटलेल्या साध्या मोटारी आहेत. पद्मिनी हे नाव असलेली फियाटही १९७४ पासूनची, म्हणजे तिच्या पहिल्या गाड्या नुकत्याच पात्र झाल्या आहेत. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ला २०३३ पर्यंत थांबावे लागेल, आणि तोवर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून नोंदणी जिवंत ठेवावी लागेल. याच टप्प्यात गाड्या भंगारात जातात. मधल्या काळासाठी तीस वर्षांची एखादी श्रेणी असावी, हे वर मांडलेले मत मला पूर्ण मान्य आहे.

अंबाझरी
सर्वांचे म्हणणे वाचून आम्ही घरी विचार केला. व्हिंटेज नोंदणी सध्या घेणार नाही, कारण आईला गाडीतून फिरायचे असते आणि ती रॅलीत भाग घेणारी नाही. गाडी नेहमीच्याच नोंदणीवर ठेवू, क्रमांक जुनाच राहील. गिरीपेठच्या कार्यालयात बॅकलॉगसाठी कागद दिले आहेत. ब्रॅकेटचे माप इंदोरा भाऊंनी कृपया कळवावे. आणि काळी पाटी प्रदर्शनात, गाडी उभी असताना, शेजारी मांडून ठेवली तर चालेल ना?

सदर_गॅरेज
उभ्या गाडीशेजारी मांडायला कुणाची हरकत नाही. फक्त एचएसआरपीवर ती टांगू नका, पाटी झाकलेली दिसली की चलान होऊ शकते. आणि जुनी पाटी नवीन रंगवू नका. रंग उडालेला असला तरी मूळ पेंटरचे अक्षर तसेच राहू द्या. मागून अळशीच्या तेलाचा हलका हात दिला की गंज धरत नाही.

इंदोरा_१९७२
पट्टी २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड घ्या, बंपरच्या मूळ बोल्टलाच कसता येते. मागच्या ब्रॅकेटसाठी नंबर प्लेटच्या दिव्याची जागा मोजूनच पट्टी वाकवा, नाहीतर दिवा पाटीमागे जातो.